कॅन्युला : हाताला लावलेली काडी

सलाईनसाठी हाताला जे लावतात, त्याला आपल्याकडे तीन नावं आहेत. डॉक्टर कागदावर 'कॅन्युला' लिहितात, सिस्टर 'इंट्राकॅथ' म्हणतात आणि पेशंट म्हणतो, 'सुई'. या तिसऱ्या नावाचा त्रास फार होतो.

अम्मीला यवतमध्ये भरती केलं, तेव्हा ती रात्रभर हात लाकडासारखा ताठ धरून पडली. हात वाकवला तर सुई आत मोडेल, ही धास्ती. सकाळी सिस्टर म्हणाल्या, "मावशी, सुई तर कालच काढली. आत मऊ नळी आहे."

खरंच तसं असतं. टोचताना नळीच्या आत पोलादी सुई असते. मागे रक्त दिसलं, की नळी पुढे सरकवतात आणि सुई काढून टाकतात. शिरेत राहते ती प्लॅस्टिकची लवचिक नळी. गुलाबी रंगाची 20 नंबरची, निळी 22 नंबरची. नंबर वाढला की नळी बारीक.

शब्दाचा अर्थही हाच. लॅटिनमध्ये 'कॅना' म्हणजे बोरूसारखी पोकळ काडी. 'कॅन्युला' म्हणजे छोटी काडी. लॅटिनमध्ये हा शब्द ग्रीकमधून आला आणि ग्रीकमध्ये पश्चिम आशियातल्या भाषांमधून. हिब्रूत बोरूला 'कानेह' म्हणतात. अरबीतला 'कनात', म्हणजे भाला आणि पाण्याचा पाटही, त्याच कुळातला. इंग्रजीत उसाला 'शुगरकेन' म्हणतात, त्यातला 'केन' हीच काडी. त्यातला 'शुगर' तर आपल्या 'शर्करा'चा. फारसीत 'शकर', अरबीत 'सुक्कर' होत तो युरोपात पोहोचला. आणि 'कॅनॉल'? तोही 'कॅना'चाच. खडकवासल्याचं पाणी दौंड तालुक्यात आणणारा कॅनॉल, त्यावर पोसलेलं 'शुगरकेन' आणि दवाखान्यातली कॅन्युला, तिन्ही नावं एकाच काडीची.

अम्मीला सांगितलं, "शेताला कॅनॉल, तशी तुझ्या हाताला कॅन्युला." ती म्हणाली, "मग आवर्तन कधी सुटायचं?" आणि त्याच हाताने तिने पदर सावरला.

आजारी माणसाची निम्मी भीती न समजलेल्या शब्दांची असते. तुमचं कुणी भरती असेल, तर त्याला एवढं जरूर सांगा, की आत सुई नाही, नळी आहे. हात बेताने हलवला तर चालतो. पण ती जागा सुजली, लाल झाली किंवा ठणकू लागली, तर सकाळची वाट न बघता सिस्टरला हाक मारा.