तहानलेले हरिण

2018 साली जगदलपूरच्या एका स्नेही धर्मगुरूंना भेटावयास निघालो असता, वाटेत छत्तीसगडमधील कोंडागावी आम्ही एका लोहाराच्या भट्टीपाशी थांबलो. बस्तरचे लोहार पूर्वी तेथल्याच खनिजातून काढलेले लोखंड वापरीत. आता मोडीतले लोखंड आणि बाजारातली पोलादी पट्टी यांवर काम चालते. साचा नाही, ओतकाम नाही. लालभडक पट्टी ऐरणीवर ठेवावयाची, छिन्नीने चिरून तिचेच पाय आणि शिंगे फाकवावयाची, घणाखाली अंग वळवावयाचे. या देहांना मांस असे नसतेच. उरतो तो कणा, लांब मान आणि शिंगांचे झाड. अशा लोखंडी वस्तू तेथील आदिवासी बांधव देवगुडीत नवसाच्या म्हणून वाहतात. सेमिनरीत असताना आम्ही याला बेधडक अंधश्रद्धा म्हणत असू. (त्या वयात आम्हांला बरेच काही ठाऊक होते!)

आमच्या ख्रिस्तमंदिरातील अखंड दिव्यासाठी आम्ही बेचाळिसाव्या स्तोत्रातले तहानलेले हरिण घडवावयास सांगितले. रोमच्या सेंट क्लेमेंट बासिलिकेत, बाराव्या शतकातील मोझेक चित्रात, क्रुसाच्या पायथ्याशी हरणे पाणी पितात. ते डोळ्यांपुढे होते. खरे सांगावयाचे तर ते साल आम्हांला कोरडे गेले होते. मिस्सा होत होती, प्रवचने होत होती. प्रार्थनेस बसलो की मात्र आत काही हलत नसे. हे आम्ही कोणापाशी बोललो नव्हतो.

लोहारदादांनी मान तापवून खाली वाकविली, चिमट्यात धरून हरिण आमच्यापुढे केले आणि विचारले, "फादर, तहानलेले म्हणता, मग पाणी कुठे आहे?"

आम्ही निरुत्तर झालो. तोवर त्यांनी बाजूला घडवून ठेवलेली दिव्याची वाटी उचलली आणि हरणाच्या तोंडाखाली धरली. पाणी हवे तेथे ज्योत आली.

गावी कुरबुर झालीच. "वेदीपाशी जनावर कशाला?" एका वडीलधाऱ्या मावशींनी सुनावले. आम्ही जॉर्डनकाठच्या कबुतराची, देवाच्या कोकराची आठवण दिली. त्यांना पटले असे वाटत नाही.

पावसाळ्यात मानेच्या वाकणावर गंज धरतो. शनिवारी सायंकाळी आम्हीच फडक्याला खोबरेल लावून तो पुसतो. घणाचे घाव बोटांना लागतात. परवा मागच्या बाकावरून मावशींचा आवाज आला, "फादर, वाटीतले तेल खाली गेलेय. घालू का?"