वाढ आणि वाढणे

मराठीत ‘वाढणे’ हे क्रियापद दोन अर्थांनी नांदते. रोप वाढते, लेकरू वाढते. आणि आई पानात वाढते. या दोन अर्थांतले नाते किती निकटचे आहे, हे मला व्याकरणाच्या तासाला नव्हे, तर औषधाच्या एका पुडक्यावरून उमगले.

वडोदऱ्याबाहेर वाघोडियाच्या बाजूस आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील मांसासाठी ससे पाळतात. गेल्या वर्षी ते पुडके घेऊन शाळेत आले. म्हणाले, “साहेब, एवढे इंग्रजी वाचून द्या. खाद्यात चिमूटभर घातले की ससे झटपट भरतात म्हणे.” पुडके कोंबड्यांसाठी होते, औषध होते लिंकोमायसिन. मी त्यांना आधी पशुवैद्यांना विचारावयास सांगितले. उत्तर स्पष्ट मिळाले: सशाला हे विषच.

सशाच्या आंधळ्या आतड्यात असंख्य सूक्ष्मजंतू नांदतात. गवत पचते ते त्यांच्या बळावर. तिथे तयार होणाऱ्या मऊ लेंड्या ससा पुन्हा खातो आणि त्यांतून प्रथिने व ‘ब’ जीवनसत्त्वे मिळवतो. लिंकोमायसिन किंवा पेनिसिलीनच्या जातीची औषधे पोटात गेली की हा संसार उधळतो, घातक जंतू माजतात आणि हगवण लागून ससा दगावतो.

कोंबडीचे तसे नाही. १९५० च्या सुमारास अमेरिकेत आढळले, की खाद्यात थोडे प्रतिजैविक मिसळल्यास पिल्ले झपाट्याने वाढतात. मग जगभर तीच रीत पडली. परंतु अल्प मात्रेत जंतू मरत नाहीत, निर्ढावतात, आणि माणसांपर्यंत पोहोचतात. फ्लेमिंगने १९४५ मध्येच नोबेल व्याख्यानात अल्प मात्रेचा हा धोका सांगितला होता. स्वीडनने १९८६ मध्ये, युरोपीय संघाने २००६ मध्ये वाढीसाठी प्रतिजैविके वापरण्यास बंदी केली. आपल्याकडे २०१९ मध्ये पशुखाद्यातील कोलिस्टिनवर बंदी आली. माणसाच्या असाध्य संसर्गावर अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेले हे औषध.

त्या गृहस्थांनी पुडके परत केले. त्यांचे ससे आता हिरवा चारा खाऊन आपल्या गतीने वाढतात. विक्रीला काही दिवस अधिक लागतात, आणि त्या दिवसांचा खर्च त्यांच्याच खिशातून जातो. स्वस्त आणि झटपट मागणारे आपण गिऱ्हाईक त्याचा विचार करीत नाही. कारण गोठ्यात किंवा खुराड्यात जे वाढते, तेच शेवटी आपल्या पानात वाढले जाते.