मानांकनाबाहेरचा डाव

बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात जत्रेचा फड लागला की पंच अंगलट पाहून पैलवानांच्या जोड्या लावतात. आकडा नसला म्हणून निकाली कुस्तीची रंगत कमी होत नाही. बुद्धिबळात मात्र मानांकन नसलेली स्पर्धा म्हणजे पोरखेळ, असा समज पक्का होत चालला आहे. कळससारख्या गावात शाळेच्या दोन वर्गांत पट मांडून स्पर्धा भरवायची म्हटली, तर पहिला प्रश्न मानांकनाचाच येईल. मला तो समज चुकीचा वाटतो.

आर्पाद एलो यांची मानांकन पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने 1970 मध्ये स्वीकारली. ती नेमकी आहे आणि अडचणही तिथेच आहे. दोघांच्या मानांकनात 200 गुणांचा फरक असला, तर वरच्या खेळाडूकडून शंभर डावांत साधारण 76 गुणांची अपेक्षा धरतात. म्हणजे पहिलं प्यादं हलण्याआधीच डावाविषयी मत तयार. वाढत्या वयातल्या मुलांना मानांकन किती बदलेल ते ठरवणारा गुणक 40 चा लागतो, त्यामुळे 1600 चा मुलगा 1400 च्या खेळाडूकडून हरला की तीसेक गुण जातात. मग तो घोड्याचा बळी द्यायला कचरतो. हा भित्रेपणा नव्हे, हिशेब आहे. स्थानिक स्पर्धेत हरल्याचं दुःख संध्याकाळपर्यंत पुरतं, पुढच्या महिन्याच्या मानांकन यादीत जात नाही. समोर सहावीतली मुलगी असो की निवृत्त गुरुजी, त्यांची ताकद पटावरच्या चालींवरूनच ओळखावी लागते, आणि ती ओळखणं हा खेळाचाच भाग आहे. आयुष्यभर खेळायचं असेल तर हे अधिकच महत्त्वाचं. आकडा पोरवयात चढतो, शेती-नोकरीच्या वर्षांत जागच्या जागी राहतो, साठीनंतर उतरतो. चांगला डाव मात्र यांपैकी कुठल्याही वयात होतो.

आकड्याशिवाय प्रगती कशी कळणार, असं कुणी विचारेल. मार्च 2024 मध्ये महासंघाने किमान मानांकन 1400 केलं आणि 2000 खालच्यांना गुण वाढवून दिले. त्या हिशेबाने 1200 चा खेळाडू एकही चाल न सुधारता 1520 वर गेला. आकडा इतरांच्या तुलनेतली जागा सांगतो. वजीर कुठे फुकट गेला हे स्वतः टिपलेल्या चालींतच सापडतं. देशी नियमांवर वाढलेले सुलतान खान 1929, 1932 आणि 1933 मध्ये ब्रिटिश विजेते झाले, तेव्हा अशी यादीच नव्हती.

नागपूरची दिव्या देशमुख 2025 मध्ये महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. त्या वाटेला मानांकन लागतंच. पहिला आकडा मिळवायलाही मानांकित खेळाडूंशी किमान पाच डाव खेळावे लागतात. ज्याला ती ओढ आहे त्याने पुण्याची गाडी जरूर धरावी. पण तालुक्यातल्या उरलेल्या पोरांनी तेवढ्यासाठी पट गुंडाळून का ठेवावा?

खरा आक्षेप वेगळाच आहे: अशा स्पर्धांत व्यवस्था ढिली असते आणि बाहेरचा तगडा खेळाडू येऊन बक्षीस उचलून नेतो. हे होतं, आणि त्यावर उपाय आयोजकांच्या हातात आहेत. पंच नियम जाणणारा हवा, हात लावलेली सोंगटी हलवायलाच लावणारा. घड्याळं चालती हवीत, आणि बक्षिसं वयोगटांत वाटलेली. तगडा पाहुणा आला तर येऊ द्यावा. त्याच्याशी हरायला पोरं रांग लावतील.