पावसाचा हिशेब कोण मांडतो?

‘पीकविमा’ हा शब्द आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या लहान पोरांनाही पाठ असतो. पेरणी आटोपली की घरोघरी तो विषय निघतोच. पण विम्याचा हप्ता ठरवतं कोण, असं कधी विचारलंय का तुम्ही? मी बऱ्याच जणांना विचारलं. कुणी म्हणालं सरकार, कुणी म्हणालं कंपनी. दोन्ही उत्तरं अर्धीच! त्यामागे एक गणित असतं आणि ते मांडणाऱ्याला म्हणतात ॲक्च्युअरी, म्हणजेच विमागणितज्ञ.

आपणही मांडून पाहू या. समजा, एक हजार कास्तकारांनी कपाशीचा प्रत्येकी ४० हजारांचा विमा काढला. जुन्या नोंदी सांगतात, की दरवर्षी सरासरी शंभर जणांचं पीक पार बुडतं. म्हणजे भरपाई झाली ४० लाख रुपये. ती हजार जणांत वाटा. प्रत्येकाच्या वाट्याला आले ४ हजार, म्हणजे दहा टक्के. कंपनीचा खर्च सोडला, तर हा झाला खरा हप्ता.

२०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेत कपाशीसाठी शेतकऱ्याने जास्तीत जास्त पाच टक्के भरायचे असतात. वरचा भार केंद्र आणि राज्य सरकार उचलतं. महाराष्ट्रात २०२३ पासून दोन वर्षं शेतकऱ्याला एका रुपयात विमा मिळत होता. २०२५च्या खरिपापासून ते थांबलं. पण तेव्हाही खरा हप्ता एक रुपया नव्हताच बरं का! बाकीचे पैसे कुणीतरी भरतच होतं.

आता खरी गोम ऐका. माणसांच्या आयुष्याचा हिशेब त्या मानाने सरळ. धूमकेतूवाला एडमंड हॅले आठवतो ना? त्यानेच १६९३ साली ब्रेस्लाउ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून आयुर्मानाचा तक्ता बनवला होता. शहरातली सगळी माणसं काही एकाच वर्षी जात नाहीत. पाऊस मात्र दडी मारतो तेव्हा वणीपासून उमरखेडपर्यंत सगळ्यांनाच रडवतो. २०१७ साली गुलाबी बोंडअळी आली, तीही एकट्या-दुकट्याच्या शेतात नाही. हजारांत शंभर ही झाली सरासरी. एखाद्या साली पाचशे जण बुडतात. त्या सालासाठी पैसा आधीच राखून ठेवावा लागतो. किती? हेच विमागणितज्ञाने सांगायचं. आकडा कमी धरला तर भरपाईला पैसा पुरत नाही, जास्त धरला तर हप्ता परवडत नाही.

हे काम शिकायचं कुठे? नवी मुंबईला ‘इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया’ ही संस्था आहे. १९४४ साली स्थापन झालेल्या ॲक्च्युअरिअल सोसायटीला २००६च्या कायद्याने हे रूप मिळालं. तिचं विद्यार्थी सदस्य व्हायचं, तर बारावीनंतरचा नेहमीचा रस्ता म्हणजे ‘एसेट’ ही प्रवेश परीक्षा. बारावीत इंग्रजी हा विषय असावा लागतो. परीक्षेत गणित, संख्याशास्त्र, आकडेवारीचा अर्थ लावणं, तर्क आणि इंग्रजी असतं. पास झालात, की सदस्यत्वाचा अर्ज भरायचा. निकाल तीन वर्षं चालतो. तेवढ्या मुदतीत अर्ज गेला पाहिजे.

एक मात्र ध्यानात ठेवा. सदस्य झालं म्हणजे कुणी ॲक्च्युअरी होत नाही. संस्थेच्या पुढच्या परीक्षांना बसायचा हक्क तेवढा मिळतो. मग एकेक पेपर सोडवत आधी असोसिएट, नंतर फेलो. नोकरी सांभाळून वर्षानुवर्षं अभ्यास करणारे खूप असतात. पेपर इंग्रजीत असतात, म्हणून मराठी शाळेतली मुलं बिचकतात. पण संभाव्यतेला कुठली आली भाषा? शब्द शिकता येतात. गणिताची गोडी मात्र आत्ताच, आठवी-नववीत लागायला हवी.

आमच्या सोळा तालुक्यांतलं कुणीतरी या कामात असावं, असं मला फार वाटतं. नोंदवहीत ‘नुकसान’ असा एकच शब्द असतो. त्याच्या मागे दुबार पेरणी असते, उधारीवर आणलेलं बियाणं असतं, मोडलेलं लग्न असतं. हे ज्यानं घरात पाहिलंय, तो आकडा लिहिताना दहादा तपासून पाहील. तेव्हा यंदाचा विमा भरला, की घरच्यांकडून पावती मागून घ्या. तिच्यावर विम्याची रक्कम आणि आपला हप्ता दिलेला असतो. टक्के काढा पाहू किती येतात ते!