खुर्द्याचा हिशेब

वाई,
१९ जानेवारी

चि. सायली हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, 'पानिपत' संपली. दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. आता पुढे काय वाचू?" मग सांगितलंस की तुमच्या ऑफिसातला पानिपतचा मुलगा विचारतो, आमच्या गावाचं नाव काढलं की तुम्ही मराठी माणसं अशी गप्प का होता? त्याच्या लेखी पानिपत म्हणजे ब्लँकेटं, सतरंज्या आणि सूतगिरण्या. मला हसू आलं. आपल्याकडे निवडणूक हरलेल्या पक्षाचंही 'पानिपत' होतं आणि लोकलच्या दारात 'भाऊगर्दी' होते. पानिपतची लढाई भाषेत इतकी मुरली आहे की तिच्यावरचं एक पान न वाचताही आपल्याला सगळं ठाऊक असल्यासारखं वाटतं. पुस्तकं निवडताना पहिली अडचण इथेच येते.

नावं फोनवरच सांगितली असती, तर तू ती मोबाइलमध्ये टिपून विसरली असतीस. म्हणून हे पत्र.

कादंबरीने सुरुवात झाली याचा संकोच बाळगू नकोस. विश्वास पाटलांची ही कादंबरी १९८८ साली आली. त्यानंतर वाचनालयात माझ्या टेबलापाशी येऊन "पेशवाईवरचं काहीतरी द्या" म्हणणारे बरेचसे लोक तिथूनच आलेले असत. कादंबरी माणसाला दारापर्यंत आणते. पण कादंबरीकाराला मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब यांच्या डेऱ्यात रात्री शिरावं लागतं, त्यांच्या मनात काय चाललंय ते ऐकावं लागतं, आणि त्याचे कागद कुठल्याही दप्तरात नाहीत. तेव्हा एक कर. ज्या तीन प्रसंगांनी तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते एका कागदावर लिही. पुढचं प्रत्येक पुस्तक उघडताना तो कागद शेजारी ठेव आणि हे प्रसंग तिथे आहेत का, असले तर कुणाच्या तोंडून आलेत, ते बघ.

पारख कशी करायची, ते संक्रांतीवरून सांगते. पानिपतावर संक्रांतीच्या दिवशीच घाला पडला, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी. पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. पण संक्रांतीचा दिवस साधारण ७० वर्षांत एकेक दिवस पुढे सरकतो. त्या काळी ती १० जानेवारीच्या आसपास येई. संक्रांतीला पडले ते दत्ताजी शिंदे, दिल्लीजवळ बुराडी घाटावर, १० जानेवारी १७६० ला. म्हणजे वर्षभर आधी. लोकांच्या आठवणीत दोन वर्षांची दुःखं एकमेकांत मिसळली. आठवणींचं असं होतंच, त्याबद्दल कुणाला दोष देता येत नाही. पण इतिहास म्हणून लिहिलेलं पुस्तक पानिपतची लढाई बेधडक संक्रांतीच्या दिवशी लढवत असेल, तर त्यातले बाकीचे आकडेही तपासून घे.

आता बखरी. 'भाऊसाहेबांची बखर' तू वाचच, आणि मोठ्याने वाच. ती मराठी कानाने वाचायची मराठी आहे. दोन पानांत तिची लय जिभेवर बसते. रघुनाथ यादवाची 'पानिपतची बखर'ही हाताशी ठेव. मात्र बखरकाराला लढाईचा शेवट आधीच ठाऊक आहे, हे क्षणभरही विसरू नकोस. अमुक सरदाराने शहाणपणाचा सल्ला दिला, भाऊंनी तो तोडून टाकला, आणि त्याच क्षणी नाश ठरला, असं तो रंगवून सांगतो. ते संवाद लिहून घ्यायला तिथे कुणी बसलं नव्हतं. बखरीतून भाषा घ्यावी, त्या पिढीच्या मनात काय सलत होतं ते घ्यावं. सैन्याचे आकडे मात्र तिथून उचलू नयेत.

तुला वाटेल, आत्या सगळ्यांच्या चुका काढते. म्हणून माझीही एक सांगते.

वाचनालयात पानिपतवर पुस्तक मागणाऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असे : "पण चूक कोणाची?" कुणाला मल्हारराव होळकर हवे असत, कुणाला सूरजमल, तर कुणाला खुद्द भाऊ. जात, जिल्हा आणि आडनाव बघून आधीच अंदाज करता येई. मी स्वतः कितीतरी वर्षं ठामपणे सांगत असे : गोविंदपंत बुंदेले. पैसा दिला नाही, रसद पोचवली नाही. याला आधार होता इतिहासकार राजवाड्यांचा. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालिकेचा पहिला खंड १८९८ साली निघाला. १७५० ते १७६१ या वर्षांची पत्रं त्यात आहेत, आणि ते कागद राजवाड्यांना आपल्या वाईतच सापडले. खंडाला त्यांची लांबलचक, जबरदस्त प्रस्तावना आहे. तिच्यात गोविंदपंतांवर आणि मल्हाररावांवर ठपका आहे. राजवाड्यांचं गद्य असं की वाचल्यावर विरुद्ध बोलायचा धीर होत नाही. मी प्रस्तावना वाचली, पत्रं चाळली आणि निकाल देऊन मोकळी झाले.

निवृत्त झाल्यावर एका पावसाळ्यात उलटं केलं. प्रस्तावना सोडली आणि पत्रंच ओळीने वाचत गेले, समोर नकाशा ठेवून. भाऊंची निकड खरी आहे : पैका पाठवा, दाणा पाठवा, शत्रूच्या मुलखात धामधूम करा. पण ज्या अंतर्वेदीतून, म्हणजे गंगा-यमुनांच्या मधल्या मुलखातून, हा वसूल यायचा, तिथे अफगाण आणि रोहिले पसरलेले. जमीनदार बिथरलेले. वसूल येणार कुठून, आणि आला तरी शत्रूच्या वेढ्यातून पानिपतला पोचणार कसा? अखेर डिसेंबर १७६० मध्ये त्याच कामावर असताना गोविंदपंत शत्रूच्या अचानक छाप्यात मारले गेले. ते निर्दोष होते असं मी म्हणत नाही. पण इतकी वर्षं मी लोकांना पुस्तक देण्याऐवजी निकाल देत होते, हे त्या पावसाळ्यात कळलं, आणि लाज वाटली.

त्या पत्रांची खरी ताकद वेगळीच आहे. लिहिणाऱ्याला उद्या काय होणार ते ठाऊक नाही. १७ ऑक्टोबरला कुंजपुऱ्याचं ठाणं हाती आलं, धान्य मिळालं, दसरा जवळ आलेला. त्यांच्या जागी तू असतीस तर तूही खूश झाली असतीस. आठवड्याभरात अफगाणांचा बादशहा अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि दिल्लीची वाट बंद झाली. मग अडीच महिने खंदकाआड. पुढे पुढे दक्षिणेकडे येणारी पत्रं विरळ होतात, कारण जासूद पोचतच नाहीत. खंडाची पानं उलटताना ती शांतता ऐकू येते. असा धक्का मला एकाही वर्णनाने दिला नाही.

मग बातमी आली कशी? ते तुला कादंबरीमुळे माहीतच आहे. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना वाटेत सावकारी भाषेतली चिठ्ठी मिळाली. तिच्यात दोन मोत्यांचा आणि सत्तावीस मोहरांचा उल्लेख होता, आणि खुर्द्याची गणती नाही असा मजकूर होता. मोती म्हणजे पडलेले कोण, ते सगळ्यांना पाठ आहे. मोहरांची नावंही जाणकार सांगतात. मला तो खुर्दा, म्हणजे नाव नसलेली माणसं, छळतो.

सायली, लढाईवरच्या पुस्तकासाठी माझी हीच एक कसोटी आहे. मोत्यांवरची पुस्तकं मुबलक मिळतात. जे खुर्दा मोजायला बसतं, ते घरी आण. पानिपतच्या छावणीत लढणाऱ्यांपेक्षा न लढणारी माणसं जास्त होती. बुणगे, बाजारकरी, मोतद्दार, बायका, तीर्थयात्रेला म्हणून लष्कराबरोबर निघालेले गृहस्थ. त्यांना काय खायला मिळालं, घोड्यांचा चारा कधी संपला, १४ तारखेला सकाळी सैन्य खंदकाबाहेर पडलं ते पोटात काय घेऊन, हे ज्या पुस्तकात नाही, त्यात तलवारी कितीही खणखणल्या तरी लढाई कळत नाही.

या कसोटीवर उतरणारं सगळ्यात छोटं पुस्तक नाना फडणिसांचं आत्मचरित्र. पुढे सगळं राज्य चालवणारा हा माणूस तेव्हा अठरा संपून एकोणिसाव्या वर्षात होता. आई आणि बायको बरोबर, तीर्थयात्रेचा हेतू मनात. लढाई मोडल्यावर तो जीव घेऊन पळाला. त्या पळापळीत आई कायमची गेली. त्यात शौर्याचा आव नाही, स्वतःला झाकणंही नाही. एका बैठकीत वाचून होईल. त्यानंतर मात्र लगेच दुसरं काही वाचू नकोस.

मग पलीकडच्या बाजूला जा. शत्रूच्या छावणीतून कुणी पाहिलं, हे न वाचता पराभव समजत नाही. काशीराज पंडित हा दख्खनी ब्राह्मण अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी होता, म्हणजे लढाईच्या दिवशी अब्दालीच्या गोटात. भाऊंनी तहासाठी शुजाकडे केलेल्या खटपटीचे निरोप त्याच्या हातून जात होते. त्याने आपली हकिकत सुमारे वीस वर्षांनी फार्सीत लिहिली; अठराव्या शतकाच्या अखेरीसच तिचं इंग्रजी भाषांतर झालं, आणि पुढे जदुनाथ सरकारांनी ते नव्याने केलं. वीस वर्षांनी लिहिलेलं, तेव्हा आकडे जपून घे. पण अफगाण डेऱ्यांपुढे मुंडक्यांचे ढीग होते हे सांगणारा हाच, आणि शुजाने कितीतरी पळालेल्यांना वाचवलं हे सांगणाराही हाच. खुद्द अब्दालीसाठी गंडा सिंगांचं १९५९ सालचं इंग्रजी चरित्र वाच. जिंकलेला माणूस मार्चमध्येच दिल्ली सोडून परत का निघाला, त्याच्या शिपायांचा पगार कसा थकला होता, हे तिथे कळतं. जेत्याकडेही खुर्दा असतोच.

इतिहासकार शेवटी, आणि दोन एकदम. जदुनाथ सरकारांच्या 'फॉल ऑफ द मुघल एम्पायर'चा दुसरा खंड १९३४ चा. त्यांचा भर फार्सी साधनांवर. शेजारी त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' ठेव. हे आधी १९४६ साली इंग्रजीत आलं आणि लढाईला २०० वर्षं झाली तेव्हा, १९६१ मध्ये, मराठीत. शेजवलकर भाऊंवरचे गर्विष्ठपणाचे आरोप खोडतात आणि नानासाहेब पेशव्यांच्या धोरणाकडे बोट दाखवतात. ते भांडतात, चिडतात, पण कागद पुढे ठेवून भांडतात. एकच इतिहासकार वाचला की आपण त्याचे शिष्य होतो. दोन भांडणारे शेजारी ठेवले की आपल्याला डोकं वापरावंच लागतं. सरदेसाईंच्या रियासतीतला पानिपतचा भाग आणि त्यांनी संपादिलेल्या पेशवे दफ्तराचा दुसरा खंड संदर्भाला घे; सलग वाचायची ती पुस्तकं नव्हेत. अलीकडचं हवं असेल तर उदय कुलकर्णींचं 'सॉल्स्टिस ॲट पानिपत' इंग्रजीत आहे, २०११ चं.

एवढं सगळं या वर्षात वाचून होणार नाही, आणि व्हायलाही नको. क्रम एवढाच लक्षात ठेव : कादंबरी झाली आहे, आता नानांचं आत्मचरित्र, मग पत्रं, मग काशीराज आणि त्यानंतर ते दोन भांडखोर. बखर मधूनमधून, मोठ्याने.

आणि तुझ्या त्या पानिपतच्या मित्राला सांग, आम्ही गप्प होतो ते आमच्या माणसांसाठी. पण त्याच्या गावाभोवतीच्या शेतकऱ्यांचा दाणा आणि गवत दोन्ही सैन्यांनी अडीच महिने खाल्लं. त्या शेतकऱ्यांची बखर मला अजून सापडलेली नाही. त्याच्याकडे घरातली एखादी जुनी गोष्ट असेल तर विचारून ठेव.

राजवाड्यांचा पहिला खंड दादाबरोबर पाठवते आहे. बांधणी सैल झाली आहे, उताणा ठेवू नकोस. प्रस्तावनेला मी रबरबँड लावला आहे. पत्रं वाचून होईपर्यंत तो काढू नकोस. आणि वाचताना सरदारांच्या नावांच्या याद्या गाळल्यास तरी चालतील, दाण्या-गवताचे आणि पैक्याचे हिशेब मात्र एकही गाळू नकोस.

तुझी,
आत्या