सांध्याची पारख

आगाशीच्या वाऱ्यात मीठ असते. अर्नाळ्याचा किनारा जवळच असल्याने दुकानाच्या शटरला आणि खिडकीच्या गजांना गंज लवकर चढतो, हे येथील प्रत्येक गृहस्थास ठाऊक आहे. परंतु मोटारसायकलच्या टाकीखाली, टेपमध्ये गुंडाळलेल्या तारेच्या सांध्यातही तेच मीठ शिरते, याची आठवण सहसा कोणाला राहत नाही.

येथील एका कापड-व्यापारी कुटुंबातील तरुणाने वडिलांची जुनी बुलेट नव्याने उभी करावयास घेतली. रंग, आसन, चाके यांवर त्याने सढळ हाताने खर्च केला. वायरिंगची वेळ आली तेव्हा कारागीर म्हणाला, ‘‘शेठ, वायर पिळून वर टेप मारतो. दिसणार थोडंच आहे?’’ तरुणाने मान डोलावली.

पावसाळ्यातील एका रात्री वडिलांना मागे बसवून विरारहून परतताना पुढचा दिवा मंद झाला, लुकलुकला आणि विझला. समोरच्या रिक्षावाल्याने वेळीच ब्रेक लावला, म्हणून अनर्थ टळला.

सकाळी टेप सोडविली, तेव्हा आतील तांबे हिरवे-काळे पडलेले दिसले. वडिलांचे आयुष्य हिशेबात गेलेले. त्यांनी कागद घेतला. 55 वॉटचा दिवा 12 व्होल्टवर सुमारे साडेचार अँपियर प्रवाह घेतो. सांध्यात केवळ 0.2 ओहम रोध आला, तरी पाऊण व्होल्टहून अधिक दाब वाटेतच खर्ची पडतो आणि हॅलोजनचा प्रकाश सुमारे पाचव्या हिश्श्याने घटतो. शिवाय साडेतीन वॉटहून अधिक उष्णता त्या बोटभर जागेत निर्माण होते. उष्णतेने गंज वाढतो, गंजाने रोध वाढतो. चक्रवाढ व्याजच ते!

पुढच्या रविवारऐवजी दुसऱ्याच दिवशी पितापुत्र लोकलने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडच्या बाजारात गेले. तेथे त्यांनी पारखून माल घेतला. कनेक्टर सिलिकॉनच्या सीलचे, पाणी रोखणारे; सील तारेच्या बाहेरील जाडीशी जुळणारे; टर्मिनल कथिलाचा मुलामा दिलेले आणि तारेच्या मापाचे. नर आणि मादी पिनांवर एकच मुलामा असावा, कारण भिन्न धातू ओलाव्यात एकत्र आले की झीज लवकर होते. बॅटरीच्या बाजूस मादी टर्मिनल ठेवावे, म्हणजे सांधा उघडला तरी जिवंत पिन चौकटीला टेकत नाही. दिवा, हॉर्न आणि इंडिकेटर यांस वेगवेगळ्या आकाराचे कनेक्टर असावेत, म्हणजे चुकीची जोडणी होणेच शक्य राहत नाही.

डाग देण्याऐवजी त्यांनी क्रिंपिंगचा योग्य पक्कड घेतला. डागाचे कथिल तारेत चढते, तार तेथे ताठ होते आणि इंजिनच्या थरथरीने नेमकी तेथेच तुटते. चांगल्या टर्मिनलला दोन पकडी असतात: एक तांब्यावर, दुसरी वरच्या आवरणावर. ताण दुसरी पकड सोसते. प्रत्येक सांधा त्यांनी हाताने ओढून पाहिला. जो सुटला, तो कापून पुन्हा केला.

साऱ्या कनेक्टरांचे बिल नव्या आसनापेक्षा कमी झाले. ते पाहून वडील एवढेच म्हणाले, ‘‘बाळा, गिऱ्हाइकाला जे दिसत नाही, तिथंच व्यापाऱ्याची पत असते.’’

आता दरवर्षी पावसाळ्यापूर्वी बुलेटची टाकी उतरते, एकेक कनेक्टर उघडून पाहिला जातो आणि त्याची तारीख दुकानाच्याच वहीत नोंदली जाते.