उतरलोय, घ्यायला ये!

मैत्रिणींनो, नवऱ्याची वाट पाहणं आपल्याला नवीन नाही. गाडी लेट झाली, साहेबांनी बसवून घेतलं, वाटेत मित्र भेटला. कारणं आपल्याला पाठ आहेत. पण "हवेनं साथ सोडली, एका शेतकऱ्याच्या वावरात उतरलोय, घ्यायला ये" असा फोन कुणाला आलाय का? माझ्या वहिनीला येतो. उन्हाळ्यात दोन-तीनदा तरी!

माझा मामेभाऊ जर्मनीत नोकरीला असतो आणि सुट्टीच्या दिवशी ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवतो. हे खूळ आपल्याकडेही जुनंच. पुण्याजवळ हडपसरला १९५० सालीच त्याचं केंद्र निघालं. पण दादाला ते लागलं तिकडे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर इंजिनाची विमानं बांधण्याचे निर्बंध आले, तेव्हा तिथली पोरं इंजिनावाचून उडू लागली नि १९२० पासून डोंगरावर त्यांचे मेळावे भरू लागले.

दिवाळीत दोघं मूर्तिजापूरला आली, तर सासूबाईंचा पहिला प्रश्न, "इंजिन नाही तं मंग थे उडते कायच्यानं बाप्पा?" दादानं त्यांना घारी दाखवल्या. दुपारी जिनाच्या तापलेल्या पत्र्यांवर घार पंख न हलवता घिरट्या घालत वर जाते ना, तसंच. तापलेली हवा वर चढते, तिच्यात गोल फिरत ग्लायडर उंची घेतं. किलोमीटरभर उंची मिळाली की चांगलं ग्लायडर ४० किलोमीटर घसरत जातं, म्हणजे इथून जवळजवळ अकोला. ऊन गेलं की मात्र खेळ संपला. मग विजेच्या तारा नसलेलं, पीक निघालेलं वावर हेरायचं नि उतरायचं.

गंमत त्याच्यापुढची. पहिल्या खेपेला एका म्हातारीनं विमान पडलं समजून फोन केला. दादा आपला डबा उघडून बसलाय, तोवर आगीचा बंब, पोलीस नि अँब्युलन्स हजर. "जखमी कुठाय?" हा धडधाकट म्हटल्यावर कुणाचा विश्वासच बसेना. शेतकऱ्यानं ग्लायडरभोवती दोन फेऱ्या मारल्या नि विचारलं, "इंजिन कुठं पडलं? माझ्या बिटात तर नाही ना?"

दुसऱ्यांदा गाई आल्या. गाईंना म्हणे ग्लायडर चाटायला फार आवडतं, आणि शिंग लागलं तर खर्च केवढा! एवढा मोठा इंजिनिअर संध्याकाळभर हातात फांदी घेऊन गाई हाकत उभा. मामांना कळलं तेव्हा म्हणाले, "हेच करायचं होतं तर गावात काय वाईट होतं?"

मला मात्र वहिनीचंच नवल. "पोळ्या टाकाव्या की नाही हेच समजत नाही बघ," ती सांगत होती. "नि फोन आलाच नाही तर..." एवढं बोलून गप्प झाली. दादा तेव्हा माझ्या मुलाला कागदाचं विमान करून देत होता. फोन आला की मोटारीला लांबलचक ट्रॉली जोडायची आणि निघायचं. ग्लायडरचे पंख काढून त्यातच घालतात. एकदा दादानं "नॉयश्टाटजवळ आहे" एवढं सांगितलं नि त्याचा मोबाईल बंद पडला. नॉयश्टाट म्हणजे नवं गाव. आपल्याकडे पिंपऱ्या नि वडगावं, तशी जर्मनीत नॉयश्टाटं डझनांनी! वहिनी शिरली भलत्याच नॉयश्टाटात. अरुंद गल्ली, मागे ९ मीटरची ट्रॉली, वळायला जागा नाही. अख्खं गाव खिडक्यांतून तिला गाडी मागे घ्यायला शिकवत होतं.

"अन् मोठ्या इमानाचं असं झालं तं?" सासूबाईंनी विचारलंच. झालंय तेही. १९८३ साली कॅनडात किलोऐवजी पौंडांच्या हिशेबानं इंधन भरलं गेलं आणि ६९ माणसांचं जेट वरच कोरडं पडलं. वैमानिकाला ग्लायडिंगचा छंद, म्हणून निभावलं. त्यानं ते गिम्ली गावच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. तिथं त्या दिवशी मोटारींच्या शर्यती, बायकापोरांसह लोकांचे तंबू! सगळे वाचले. आणि दुरुस्तीला निघालेल्या मेकॅनिकांच्या गाडीतलं पेट्रोल वाटेत संपलं म्हणतात. वजनमापं शिकवताना सहावीच्या वर्गात मी आता हीच गोष्ट सांगते. पोरांच्या चुका काही थांबत नाहीत, गोष्ट मात्र पुन्हा मागतात.

वहिनी हल्ली ट्रॉलीबरोबर चकल्यांचा एक डबाही नेते. ज्याच्या वावरात नवरा उतरेल त्याच्या घरी द्यायला. त्या बिटवाल्या शेतकऱ्याच्या बायकोला त्या इतक्या आवडल्या, की पुढच्या वर्षी तिनंच फोन करून विचारलं, "तुमचे मालक यंदा आमच्याकडे कधी पडणार?"